एक लाजवंती रवा

आमच्या चिखलीत सोसायटीच्या खाली जे किराणा दुकान आहे, तिथे जाऊन तुम्ही 'एक लाजवंती रवा द्या' म्हणालात, तर दुकानदार मान वरसुद्धा करणार नाही. पाव किलो रवा मोजेल आणि पुडी तुमच्या हातात ठेवेल. दोन लाजवंती म्हणालात तर अर्धा किलो. अर्धी लाजवंती जिरं मागितलंत तर सव्वाशे ग्रॅम. हे माप आमच्या शेजारच्या गवसांनी सुरू केलं. बारा वर्षं रोज त्याच मापात बोलून त्यांनी दुकानदाराला शरण आणलं. आता तर दुकानदाराची बायको फोनवर होलसेलवाल्यालाही चुकून 'चाळीस लाजवंती पोहे' सांगते आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घेते.

लाजवंती हा एक प्राणी आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या बायकोला, शोभाला, वर्षभर ती गवसांच्या गावाकडची कोणी बाई वाटत होती आणि त्या काळात ती त्यांना फार सहानुभूतीने चहा द्यायची. लाजवंती म्हणजे माकडाच्या लांबच्या भाऊबंदांतला एक चिमुकला जीव. लांबी वीतभर, वजन पाव किलोच्या आसपास. शेपूट नाही, हातपाय काटक्यांसारखे आणि चेहऱ्यावर नुसते डोळेच. दिवसभर झाडात अंगाची गुंडाळी करून झोपायचं, अंधार पडला की उठून सावकाश फांदीफांदीने किडे शोधत हिंडायचं. मी लातूरकडचा. आमच्याकडे झाडंच मोजकी, त्यामुळे हे सगळं मला गवसांच्या तोंडून कळलं, आणि ऐकायची इच्छा असो वा नसो, कळतच राहिलं.

माझी मुलगी झाली तेव्हा गवस दवाखान्यात बघायला आले. मी छाती फुगवून सांगितलं, "दोन किलो आठशे." त्यांनी एक डोळा मिटला, ओठ हलवले आणि म्हणाले, "अकरा लाजवंती आणि चार पिल्लां. मापात आसा." मग बाळाकडे बघून हसले. पेढा हातात दिला तर तो आधी व्हर्नियरने मोजला.

व्हर्नियर म्हणजे आमच्या धंद्यातली मापपट्टी. दोन जबड्यांत वस्तू धरायची आणि केसाच्या जाडीपर्यंत माप वाचायचं. गवस महाळुंग्याच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत इनवर्ड इन्स्पेक्टर आहेत. बाहेरून आलेला कोणताही माल आधी त्यांच्या हाताखालून जातो. मापात असला की हिरवा टॅग, नसला की लाल, आणि शंका आली की पिवळा. पिवळा टॅग म्हणजे होल्ड. त्या मालाला मग गवसांच्या सहीशिवाय कोणी हात लावायचा नाही, अगदी प्लांटच्या मोठ्या साहेबांनीसुद्धा. मी त्याच कंपनीत स्टोअर सांभाळतो. म्हणजे माल आत घ्यायची घाई मला आणि तो अडवायची हौस गवसांना. घरी आमचे दरवाजे समोरासमोर, कंपनीच्या बसमध्ये आमची सीट एकच, आणि कंपनीत पोचलो की आमचं भांडण.

या भांडणाचं मुख्य कारण 'डेव्हिएशन'. माल मापाला जरासा चुकलेला आहे पण वापरण्यासारखा आहे, अशा वेळी एक फॉर्म भरायचा. काय चुकलं, का चुकलं, पुढे काय केलं, ते लिहायचं. खाली दुसऱ्या खात्याच्या माणसाने सही केली की माल पास. सगळ्या कंपन्यांत हे चालतं. दुनियाच त्यावर चालते म्हणा ना. पण गवसांनी बारा वर्षांत माझ्यादेखत एकदाही डेव्हिएशन दिलेलं नाही. मी हात जोडून बघितले, रागावून बघितलं, शोभाच्या हातची पुरणपोळी खायला घालून बघितलं. पुरणपोळीचं माप त्यांनी चार ठिकाणी घेतलं आणि मधे फुगवटा आहे एवढं नोंदवलं. माझा माल होता तिथेच राहिला.

गवस दोडामार्गाकडचे. आयटीआय करून तीस वर्षांपूर्वी इकडे आले ते इथलेच झाले. साहेबांशी बोलताना मराठी अगदी पुस्तकी. पण मन हललं की भाषा घाट उतरून थेट गावी पोचते. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणतात, "दोन पार्ट एकत्र बसवचे म्हटले की टॉलरन्स लागता. माझ्याकडे तो नाय." घरात एक माणूस, एक कॉट, एक ताट आणि भिंतीवर एक फ्रेम. देवाची असेल म्हणून मी पहिल्या दिवशी हात जोडले होते. जवळ जाऊन बघितलं तर तो इन्स्पेक्शन रिपोर्ट होता. पार्टचं नाव : लाजवंती. खाली चौकटी आखून सुबक अक्षरात सगळी मापं. लांबी, वजन, बोटांची पकड. गर्भकाळ साडेपाच महिने. एका वेळी पिल्लू एक, क्वचित दोन. जन्मतः वजन अकरा-बारा ग्रॅम. दूध पाच-सहा महिने. आयुष्य बारा ते पंधरा वर्षं. प्रत्येक मापापुढे 'पडताळले' असा रकाना आणि त्यात टिकमार्क. फक्त पिल्लाच्या वजनवाढीपुढचा रकाना कोरा.

"हा का रिकामा?" मी विचारलं होतं.

"तेचो रिपोर्ट वेगळो आसा," ते म्हणाले, आणि एकदम चहाचं आधण बघायला आत गेले. मी पुन्हा विचारलं नाही. माणसाने भिंतीवर काय लावावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे.

कॅन्टीनमध्ये मात्र त्यांना थांबवणं कठीण. नवे ट्रेनी आले की गवस त्यांच्या टेबलावर बसणार. "साडेपाच महिने पोटात, सहा महिने दूध, वर्षाच्या आत कामाला. आणि तुम्हाला दीड वर्षं ट्रेनिंग लागतं." एकदा त्यांनी लाजवंती स्वतःच्या लघवीने हातपाय धुते, हे भर जेवणात सांगितलं. पकड चांगली बसावी म्हणून असेल असं काहींना वाटतं, पण नक्की कारण अजून ठरलेलं नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. कारण ऐकायला टेबलावर कोणी उरलं नव्हतं.

आता गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. गिअर परदेशी पाठवायला आम्हाला लाकडी पेट्या लागतात. त्यांच्या फळ्या दक्षिणेकडून, घाटातल्या एका लाकडाच्या वखारीतून ट्रकने येतात. त्या दिवशी सकाळी बेचाळीस गठ्ठे आले आणि त्याच दिवशी चार वाजता आमचा कंटेनर बंदरासाठी निघायचा होता. म्हणजे गठ्ठे उतरवायचे, फळ्या सोडवायच्या, पेट्या ठोकायच्या, माल भरायचा आणि तोंडाला फेस आणायचा. फोर्कलिफ्टवर बबनराव होते. ते महाळुंग्याचेच. ज्या जमिनीवर आमचा प्लांट उभा आहे तिथे त्यांच्या वडिलांनी ज्वारी घेतली होती, त्यामुळे प्लांटमध्ये ते कोणालाच साहेब म्हणत नाहीत.

पहिल्याच गठ्ठ्याला त्यांनी फोर्क लावला आणि एकदम मशिन बंद केलं. "सोनवणे," त्यांनी मला हाक मारली, "हिकडं या जरा. माकडाचं पिल्लू हाय का काय त्ये, फळीत बसलंय. मला टकामका बघतंय राव."

मी वाकून बघितलं. दोन फळ्यांच्या फटीत राखाडी रंगाची एक मूठ होती आणि त्या मुठीला डोळे होते. इतके मोठे डोळे इतक्या छोट्या तोंडावर मी कधी बघितले नव्हते. तरी ओळख पटायला क्षणसुद्धा लागला नाही. बारा वर्षांचं शिक्षण होतं माझं.

"बबनराव, काही हलवू नका," मी म्हणालो आणि गवसांना आणायला धावलो.

गवस आले. सहा फुटांवर थांबले. एक डोळा मिटून व्हर्नियर हवेत धरलं, लांबूनच माप घेतलं, मग व्हर्नियर खिशात ठेवलं. तोवर पॅकिंगची पोरं मोबाइल काढून गोळा झाली होती. गवस वळले आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "फ्लॅश कोणी मारायचा नाही. दिवसा त्या डोळ्यांना उजेड सहन होत नाही. सोनवणे, चलन बघू."

मी मालासोबत आलेलं चलन दिलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. "पेटीच्या फळ्या, बेचाळीस गठ्ठे. प्राणी लिहिलेला नाही. चलनात नसलेला माल आला तर प्रोसिजर काय?"

"होल्ड," मी म्हणालो. ही प्रोसिजर मी त्यांच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकली होती की उत्तर आपोआप बाहेर पडलं.

त्यांनी खिशातून पिवळा टॅग काढला. त्यावर लिहिलं : लाजवंती, १ नग. कारण : चलनात नाही. तारीख टाकली, सही केली आणि तो टॅग गठ्ठ्याला बांधला. आता त्या जिवाला कंपनीत कोणीही हात लावू शकत नव्हतं. कोणी तो घरी पाळायला नेऊ शकत नव्हतं, कोणी हुसकून गेटबाहेर घालवू शकत नव्हतं. मला त्या वेळी हसू आलं होतं हे कबूल करतो. मी वनखात्याला फोन लावला.

साडेअकराला वनखात्याची दोन माणसं आणि जखमी प्राण्यांच्या केंद्रातल्या एक डॉक्टरीणबाई आल्या. बाईंनी जाड हातमोजे घालून अलगद तिला काढलं आणि भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवलं. वखारीच्या आवारातल्या झाडावरून ती रात्री फळ्यांवर उतरली असेल आणि तशीच गाडीत चढली असेल, असं त्यांनी सांगितलं. जखम नव्हती. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. आमच्या प्लांटचे साहेब बोरसे घड्याळ बघत म्हणाले, "छान झालं. चला, आता माल उतरवा."

गवस खोक्यात डोकावून बघत होते. "बाई," ते हळूच म्हणाले, "ही पाजते आहे."

बाईंनी बघितलं. पोटाजवळचे केस चिकटलेले होते. त्यांनी मान हलवली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"म्हणजे पिल्लू असणार," गवस बोरसेंकडे वळले. "साहेब, ही जात रात्री खायला निघते तेव्हा पिल्लाला एका फांदीवर ठेवून जाते. अगदी आपण गाडी पार्क करतो तसं. पिल्लू तिथेच धरून बसतं, ओरडत नाही, हलत नाही. पहाटे आई येऊन उचलते. या वेळी पहाटे गाडी घाटात चाललेली असणार. तिला परत जाता आलं नसेल. पिल्लू याच गठ्ठ्यांत आहे."

"किंवा वखारीत राहिलं असेल," बोरसे म्हणाले.

"असू शकतं. बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

"गवस, बेचाळीस गठ्ठे आहेत. फोर्कलिफ्टने उतरवताना दिसेलच की."

"फोर्कलिफ्टने गठ्ठा टेकवला की फटी दाबल्या जातात, साहेब. मग दिसून उपयोग नाही." आणि हे बोलता बोलता त्यांनी खिशातून पिवळ्या टॅगचा गठ्ठाच काढला. एकेक टॅग लिहीत ते ट्रकच्या भोवती फिरले. सगळ्या गठ्ठ्यांना टॅग लागले. कारणाच्या रकान्यात प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य होतं : आई परत येणार आहे.

बोरसे तसे वाईट माणूस नाहीत, पण चार वाजताचा कंटेनर त्यांच्या मानेवर बसला होता. ते माझ्याकडे वळले. "सोनवणे, स्टोअर तुमचं आहे. माल तुम्ही आत घ्या. गवसांशी मी नंतर बोलतो."

खरं सांगतो, आयुष्यभर मी याच वाक्याची वाट बघत होतो. बारा वर्षं या माणसाने माझा माल अडवला होता आणि आज साहेब स्वतः मला म्हणत होते, सोड. मी गवसांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून खोक्याकडे बघत होते. हा माणूस घाबरला आहे, हे मला तेव्हा कळलं. नोकरीला नव्हे, आणखी कशाला तरी.

"साहेब, टॅग आहे," मी म्हणालो. "सहीशिवाय मला हलवता येणार नाही."

बोरसे माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी फितूर झालो होतो. मग बबनराव फोर्कलिफ्टवरून खाली उतरले. "हातानं सोडवू की," ते म्हणाले. "बेचाळीस गठ्ठं काय डोंगर हाय का? आमी दहा जण हाय. साहेब, तुमी बी या. तुमचं बी हात चालत्यात न्हवं?"

बोरसेंनी क्षणभर विचार केला, घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि बाह्या वर केल्या. त्या दिवसापासून माझं त्यांच्याबद्दलचं मत पार बदललं.

आम्ही ट्रकवर चढून गठ्ठ्याची पट्टी कापायची, एकेक फळी दोघांनी उचलायची, उलटसुलट बघायची, खाली द्यायची. खाली पॅकिंगची पोरं मिळालेल्या फळ्यांच्या पेट्या ठोकत होती, त्यामुळे बोरसेंच्याही जिवात जीव होता. दहा गठ्ठे झाले, वीस झाले. जेवणाची शिट्टी वाजली, कोणी गेलं नाही. तीस झाले. प्रत्येक फळी उचलताना आता खाली काहीतरी चिरडलेलं दिसेल अशी भीती वाटत होती. पस्तिसाव्या गठ्ठ्याला वनखात्याचा माणूस हलक्या आवाजात म्हणाला, "वखारीतच राहिलं असेल." गवसांनी ऐकलं आणि पुढची फळी धरली.

एकोणचाळिसाव्या गठ्ठ्यात, खालून तिसऱ्या फळीखाली, ते होतं. आडव्या पट्टीला चारी हातापायांनी धरून, डोळे सताड उघडे ठेवून बसलं होतं. माझ्या अंगठ्याएवढं धड. आमची दहा माणसांची धडपड, हातोड्यांचा आवाज, ट्रकचे धक्के, सगळं सोसून ते जिथे ठेवलं होतं तिथेच बसलं होतं.

"हाय!" बबनराव कुजबुजले. "जितं हाय."

मी सगळ्यांत जवळ होतो. गवस माझ्या शेजारी. पिल्लू त्यांच्या हाताच्या अंतरावर होतं. "घ्या गवसभाऊ," मी म्हणालो.

त्यांनी हात पुन्हा पाठीमागे नेले. "माका नको," ते म्हणाले. "बाईंक बोलव. मी हात लावचंय नाय."

बाईंनी ते काढलं आणि खोक्यात आईच्या शेजारी ठेवलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आईने एक लांबलचक हात सावकाश पुढे केला, त्याला ओढून पोटाखाली घेतलं आणि पुन्हा गुंडाळी करून डोळे मिटले. बोरसे चष्मा पुसत होते. मला तर इतकं हलकं वाटलं की मी तिथेच फळ्यांवर बसलो.

थोड्या वेळाने बाईंनी आपल्या छोट्या काट्यावर पिल्लू ठेवलं. गवसांनी लांबूनच विचारलं, "वजन?"

"एकतीस ग्रॅम."

त्यांनी मान हलवली. मग खिशातून रुमाल काढून पाठ फिरवली.

जायच्या वेळी मात्र ते पुन्हा इन्स्पेक्टर झाले. गेटपासशिवाय कंपनीबाहेर काही जात नाही, म्हणून मला गेटपास करायला लावला. लाजवंती, २ नग. फॉर्मवर 'परत येणार' आणि 'परत येणार नाही' असे दोन पर्याय असतात. मी पेन धरून बसलो. बाई म्हणाल्या, चार-सहा दिवस केंद्रात ठेवू, मग जिथून आल्या त्या रानात नेऊन सोडू. मी 'परत येणार नाही'वर खूण केली. गवसांनी ती तपासली, बेचाळीस टॅगांवर सह्या करून होल्ड काढला, आणि कंटेनर पावणेपाचला निघाला. पाऊण तास उशीर झाला. बोरसेंनी कारणाच्या रकान्यात काय लिहिलं ते त्यांनी कोणाला दाखवलेलं नाही.

पुढचे तीन दिवस बसमध्ये गवस माझ्याशी बोलले नाहीत. रोज सकाळी एकदा बाईंना फोन करायचे, एक आकडा ऐकायचे, थँक्यू म्हणून ठेवायचे. मला वाटलं, माणूस आता इतक्या वर्षांनी लाजवंती पुन्हा बघून तृप्त झाला, निवांत होईल. चौथ्या दिवशी रविवार होता. सकाळी अकरा वाजता त्यांनी माझी बेल वाजवली. "पेन घेऊन ये," म्हणाले.

त्यांच्या टेबलावर आयटीआयच्या वहीतलं एक पिवळं पडलेलं पान होतं. वर तरुण अक्षरात लिहिलं होतं : आईने टाकलेले पिल्लू. खाली तीन ओळी. पहिला दिवस, अठरा ग्रॅम. दुसरा दिवस, सतरा. तिसरा दिवस, पंधरा. पुढे काही नव्हतं. पानाच्या कोपऱ्याला पिवळा टॅग स्टेपल केला होता.

"इकडे यायच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट," गवस खिडकीकडे बघत म्हणाले. "संध्याकाळचो काजूत गेलेलंय. फांदीर ह्या एकटाच बसलेला. माका वाटला, आयेन टाकल्यान. घरी हाडलंय. कापसाच्या वातीन दूध पाजलंय. सोनाराच्या काट्यार रोज वजन केलंय. तिसऱ्या दिवसान गेला. आठ वर्षां मी सगळ्यांक सांगत होतंय, मी एक पिल्लू वाचवूक बघलंय म्हणान. मग एकदा गावाक गेलंय, तेव्हा वनखात्याचो एक माणूस शाळेत माहिती देवक इल्लो. आई पिल्लू ठेवून जाता आणि परत येता, असा सांगल्यान. मी मागच्या बाकार बसान ऐकलंय. ती परत इली असतली रे सोनवणे. रिकामी फांदी बघून गेली असतली."

त्यांना पुरणपोळीवर व्हर्नियर लावताना मी किती हसलो होतो, ते आठवत होतं. माप न घेता एकदा हात घातला होता, त्यानंतर या माणसाने माप घेतल्याशिवाय कशालाच हात घातला नव्हता.

"आज बाईंनी वजन सांगितल्यानी?" मी त्यांच्यासारखंच बोलायला गेलो आणि ते माझ्या मालवणीला हसले.

"चौतीस," ते म्हणाले. "एकतीस, एकतीस, बत्तीस, तेहतीस, चौतीस. उद्या दोघांक रानात नेतत."

भिंतीवरची फ्रेम खाली उतरवलेली होती. वजनवाढीपुढच्या कोऱ्या रकान्यात ताज्या शाईने टिकमार्क केला होता. मग त्यांनी खणातून आणखी एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. डेव्हिएशनचा फॉर्म होता. कंपनीची स्टेशनरी घरी वापरत नाहीत म्हणून साध्या कागदावर पट्टीने रेघा मारून हाताने आखलेला. पार्ट : लाजवंतीचे पिल्लू, १ नग. काय चुकले : आई येईपर्यंत थांबलो नाही. कारण : माहीत नव्हते. पुढे काय केले : बेचाळीस टॅग लावले. एकोणचाळीस गठ्ठे हाताने सोडवले. सर्वांत खाली, दुसऱ्या खात्याची सही, ती जागा रिकामी.

"नियम तसो आसा," गवस म्हणाले. "आपल्या चुकीर आपणच सही करून चालत नाय."

मी दिवसाला शंभर सह्या करतो. ही सही करायला मला वेळ लागला, कारण अक्षरं नीट दिसत नव्हती. तारीख टाकली. खाली 'स्टोअर' असं खातं लिहिलं. गवसांनी फॉर्म उचलून सही तपासली, आणि नखाने स्टेपलची पिन उचकटून त्या जुन्या पानावरचा टॅग काढला. हिरवा लावणार का, असं मी विचारलं.

"छे," ते म्हणाले. "ता मेला. हिरवो कसो लावतलंय? पण आता होल्ड नको."

एवढ्यात समोरच्या दारातून शोभाने जेवायला हाक मारली. पिल्लू सापडल्याच्या आनंदात तिने शिरा केला होता, त्यासाठी सकाळीच मी खालून दोन लाजवंती रवा आणला होता. आम्ही निघालो. व्हर्नियर टेबलावरच राहिलं होतं, मी आठवण केली. "रवांदे थंयच," म्हणत त्यांनी दार ओढून घेतलं.

ताटावर बसल्यावर शोभाने शिऱ्याचा डाव भरला आणि बारा वर्षांच्या सवयीने विचारलं, "भाऊजी, किती वाढू? अर्धी लाजवंती की पाव?"

गवसांनी वाफाळत्या शिऱ्याकडे बघितलं.

"पोटभर वाढा, वहिनी," ते म्हणाले.